माझ्याकडे सप्लायरांची एक्सेल यादी आहे, त्यातली चिनी नावं-पत्ते पिनयिनमध्ये (म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी लिपीत) करायला कुठलं सॉफ्टवेअर वापरावं?

पायथन जमत असेल तर पायपिनयिन, जावास्क्रिप्टवाले असाल तर पिनयिन-प्रो, आणि कोडिंगच्या वाटेला जायचं नसेल तर गुगल ट्रान्सलेट, कारण त्यात चिनी मजकूर टाकला की खाली बारीक अक्षरांत पिनयिन येतं. तिन्ही फुकट आहेत. पण तुमच्याकडे सप्लायरांची एक्सेल यादी आहे म्हणताय, कंपनी, मालकाचं नाव, पत्ता, सगळं चिनी अक्षरांत, आणि ते उच्चाराप्रमाणे इंग्रजी लिपीत हवंय, तर नुसतं टूलचं नाव सांगून भागणार नाही. मी असल्याच याद्या साफ करायचं काम करतो, आणि साध्या वाक्यात ही टूल्स बऱ्यापैकी बरोबर चालतात, घोळ होतो तो नेमका नावांत आणि पत्त्यांत.

कारण असं की चिनीत बऱ्याच अक्षरांना दोन-दोन तीन-तीन उच्चार आहेत आणि कुठला घ्यायचा ते शब्द बघून ठरतं. 'जड, महत्त्वाचं' या अर्थाचं अक्षर चोंग वाचतात, तेच 'पुन्हा' या अर्थाने आलं की छोंग, आणि छोंगछिंग शहराच्या नावात हाच दुसरा उच्चार आहे. युनिडिकोडसारखं टूल संदर्भ न बघता एकेक अक्षर उचलतं आणि त्याचा ठरलेला एकच उच्चार चिकटवतं, त्यामुळे छोंगच्या सीएच ऐवजी झेडएच येतं आणि ते शहर मग मॅपवर शोधत बसा. (युनिडिकोडची आणखी एक गंमत म्हणजे यादीत जपानी कंपनी असली तर तिची कांजी अक्षरंपण (जपानीत वापरतात ती चिनी अक्षरं) ते चिनी पद्धतीने वाचतं, तोक्योचं तोंगचिंग होतं.) जावाचं जुनं पिनयिनफोरजे तर त्या अक्षराचे सगळे उच्चार समोर टाकतं, निवडायचं काम तुमचं. पायपिनयिन आणि पिनयिन-प्रो यांच्या पोटात शब्दांची डिक्शनरी असते, आधी शब्द जुळवून बघतात आणि नाहीच सापडला तर एकेका अक्षरावर येतात. म्हणून त्यांना सेलमधला अख्खा मजकूर द्यायचा, लूप लावून एकेक अक्षर पाठवलं तर डिक्शनरी असून नसल्यासारखी.

शब्द कुठे तोडायचा हा तर चिनी लोकांचाच जुना विनोद आहे. नानचिंगला यांगत्से नदीवर १९६८ साली सुरू झालेला मोठा पूल आहे, त्याचं नाव 'शहर' हे अक्षर मधे घालून लिहिलं की दोन प्रकारे वाचता येतं. एक म्हणजे सरळ, नानचिंग शहर, छांगच्यांग म्हणजे यांगत्से नदी, मोठा पूल. आणि दुसरं, नानचिंगचे महापौर श्री. च्यांग ताछ्याओ! अक्षरं तीच, पण पहिल्यात मधलं अक्षर छांग आणि दुसऱ्यात चांग. माणूस हसून सोडून देतो, प्रोग्रॅमला मात्र काहीतरी एक ठरवावं लागतं. लांब वाक्यं असतील तर जीटूपीडब्ल्यू नावाचं मॉडेल आहे, ते आजूबाजूचं वाक्य बघून उच्चार ठरवतं. तुमच्या यादीत वाक्यंच नाहीत, सुटी नावं आहेत, त्यामुळे त्याच्या मागे लागू नका.

आता आडनावं. काही अक्षरं आडनाव म्हणून आली की त्यांचा उच्चार बदलतो. सीएटीएल ही बॅटरीवाली कंपनी माहीत असेल, तिचे संस्थापक रॉबिन झेंग, त्यांच्या आडनावाचं अक्षर एरवी 'पूर्वी कधीतरी' या अर्थाने येतं आणि तेव्हा रोमनमध्ये सुरुवातीला सी लागतो, आडनावात झेड. तसंच 'एकटं, सुटं' या अर्थाचं अक्षर एरवी तान, आडनाव असेल तर शान. पिनयिन-प्रोमध्ये आडनावांसाठी वेगळं सेटिंग आहे, ते मालकाच्या कॉलमला लावा, पण पत्त्याच्या कॉलमला लावू नका. पायपिनयिनमध्ये आपले शब्द आपण भरू शकतो, मी तेच करतो, चुकलेलं नाव दिसलं की आपल्या डिक्शनरीत टाकायचं, पुढच्या यादीला ते आपोआप बरोबर येतं.

पत्त्यांचं दुखणं वेगळंच. शानशी नावाचे दोन शेजारी प्रांत आहेत, फरक फक्त पहिल्या अक्षराच्या सुराचा, म्हणजे बोलताना आवाज कसा चढतो-उतरतो त्याचा, आणि आपण सूर काढून टाकले की दोन्हींचं स्पेलिंग एकच होतं. म्हणून त्यातल्या एकाच्या, ज्याची राजधानी शिआन, त्याच्या अधिकृत स्पेलिंगमध्ये दोन ए लिहितात, टूलला हे कळत नाही. उरुमची, ल्हासा, हार्बिन यांचंही तसंच, टूल देणार वुलुमुछी, लासा, हाअरपिन. उच्चार म्हणून बरोबर, पण कुरिअरच्या लेबलवर कोण ओळखणार. प्रांत आणि मोठी शहरं यांचा एक छोटा तक्ता हाताने करून ठेवा आणि टूल चालवायच्या आधी तो लावा, कंटाळवाणं काम आहे पण एकदाच करावं लागतं.

डोक्यावर दोन टिंबं असलेला यू हा आणखी एक त्रास. पायपिनयिन सूर काढून टाकताना त्याच्या जागी व्ही टाकतं, कारण चिनी लोक कीबोर्डवर तसंच टाइप करतात, पण २०११ च्या चिनी मानकात माणसाच्या नावात त्याला 'वाय-यू' अशी दोन अक्षरं लिहायचं ठरलंय. म्हणजे एकच ल्यू आडनाव एका फाइलमध्ये एलव्ही, दुसरीत एलयू, तिसरीत एलवाययू असं दिसेल आणि तुम्हाला वाटेल तीन माणसं आहेत.

एक्सेलमध्येच काम होईल का, तर नाही. त्यातलं फोनेटिक नावाचं फंक्शन बघून लोक खूश होतात पण ते जपानी फुरिगानासाठी, म्हणजे कांजीसोबत लिहितात त्या उच्चारासाठी आहे. चॅटबॉटला पूर्ण यादी पेस्ट करून देणं मला तरी पटत नाही, पाच-दहा नावं ठीक, मोठ्या यादीत मधेच ओळ गाळली तर कळतसुद्धा नाही. आणि काहीही वापरा, मूळ चिनी कॉलम डिलीट करू नका, एकाच पिनयिनला डझनावारी अक्षरं असतात, तिथून मागे येता येत नाही.

हे सगळं मँडरिनपुरतं, म्हणजे प्रमाण चिनीपुरतं. सप्लायर हाँगकाँगचा असेल तर तो नाव कँटोनीज उच्चाराने लिहितो, तिथले उद्योगपती ली का-शिंग यांचं पिनयिन काढलं तर ली च्याछंग येईल आणि त्या नावाने त्यांना कोणी ओळखणार नाही. तैवानचीही स्पेलिंगं वेगळी, तिथल्या माजी राष्ट्राध्यक्षा त्साय इंग-वेन यांच्या आडनावात टीएस आहे, पिनयिनमध्ये तिथे नुसता सी. या लोकांना ईमेल करून त्यांचं स्पेलिंग विचारणं सोपं पडतं.

फोनवर बोलायची वेळ आली तर मराठी माणसाला एक गोष्ट सोपी जाते. पिनयिनमधला बी म्हणजे प आणि पी म्हणजे फ, डी म्हणजे त आणि टी म्हणजे थ, झेड म्हणजे 'चांगला'मधला च आणि जे साधारण 'चार'मधला. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हा फरक समजावताना नाकी नऊ येतात.

आणि यादी जर पेमेंटसाठी करत असाल तर पिनयिन अजिबात चालणार नाही. चीनमधल्या कंपनीचं कायदेशीर नाव चिनीतलंच असतं, इंग्रजी नाव ती स्वतः ठरवते आणि ते बहुतेक वेळा उच्चार आणि भाषांतर यांची खिचडी असते. बँकेला खात्यावरचं नाव जसंच्या तसं लागतं, ते सप्लायरच्या प्रोफॉर्मा इनव्हॉइसवरून घ्या आणि वेगळ्या कॉलममध्ये ठेवा.