शिडाच्या नौकेवरचा शिधा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही चौघे मित्र बारा मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेतून गोव्याहून मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात जाण्याची तयारी करीत आहोत. नौकेवर ४०० लिटरची पाण्याची टाकी, गॅसची चूल आणि लहानसा फ्रीज आहे. आमच्यापैकी एक जण शाकाहारी आहे. वीस दिवसांत पोहोचू असा अंदाज आहे. शिधा किती व कोणता भरावा?
— एक वाचक, मालवण

उत्तर : आपल्या पत्रातील एक आकडा मला सर्वांत आधी बदलावासा वाटतो, आणि तो म्हणजे वीस दिवसांचा. गोवा ते पोर्ट लुई हे अंतर सरळ रेषेत सुमारे २,३५० सागरी मैल, म्हणजे साधारण ४,३५० किलोमीटर भरते. रोज १२० मैल कापले तर वीस दिवस होतात हे खरे. पण विषुववृत्ताच्या आसपास वारा पडला की नौका दिवसेंदिवस जागच्या जागी डोलत राहते, आणि त्या पट्ट्याच्या दक्षिणेला आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे लागले की ते आपल्या मार्गाच्या पुढच्या अंगाने येत असल्यामुळे सरळ रेषा सोडून तिरके जावे लागते. अशाच एका प्रवासात आमचे सहा दिवस केवळ वाऱ्याची वाट पाहण्यात गेले. त्या दिवसांत नौकेचे काही बिघडले नव्हते, कोणी आजारीही नव्हते. चिंता होती ती फक्त टाकीतल्या पाण्याच्या पातळीची. म्हणून प्रवास पंचवीस दिवसांचा धरावा आणि त्यावर निम्मा साठा राखीव ठेवावा, म्हणजे सदतीस-अडतीस दिवसांची सोय होते.

आता पाणी. उष्ण कटिबंधात पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी मिळून माणशी रोज चार लिटर गोडे पाणी धरावे. चौघांचे सोळा लिटर होतात, म्हणजे आपली ४०० लिटरची टाकी बरोबर पंचवीस दिवस पुरेल आणि राखीव म्हणून थेंबही उरणार नाही. वीस-वीस लिटरचे दहा कॅन सोबत घेतले तर ही उणीव भरून निघते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एकाच टाकीवर सगळा भरवसा ठेवला आणि तिच्यात खारे पाणी किंवा डिझेल झिरपले तर एका रात्रीत सारे पाणी हातचे जाते. कॅनमधले पाणी मात्र वेगळे राहते. कॅन काठोकाठ भरू नयेत. थोडी हवा आत राहिली की गोड्या पाण्याचा कॅन समुद्रात तरंगतो, आणि नौका सोडण्याची वेळ आलीच तर तो ओढून घेता येतो. खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारे यंत्र बसवणार असाल तर अवश्य बसवावे, पण त्याचे पाणी या हिशोबात मुळीच धरू नये. ज्या दिवशी यंत्र बंद पडेल त्या दिवशी टाक्या भरलेल्या असल्या पाहिजेत.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यापेक्षा खारट लघवी माणसाची मूत्रपिंडे तयार करू शकत नाहीत, म्हणूनच समुद्राचे पाणी प्यायल्याने शरीरात पाणी येण्याऐवजी शरीरातले पाणी निघून जाते. स्वयंपाकाला मात्र या पाण्याचा फार उपयोग होतो. बटाटे आणि अंडी सालासकट निव्वळ समुद्राच्या पाण्यात उकडावीत. भाताच्या पाण्यात आठवा हिस्सा समुद्राचा घातला तर वेगळे मीठ लागत नाही. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटी वाटीभर गोड्या पाण्याने विसळली की पुरे. किनारा जवळ असताना, बंदराच्या किंवा खाडीच्या तोंडाशी मात्र हे काहीही करू नये. तिथले पाणी स्वच्छ नसते.

धान्याचा हिशोब आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या कार्याच्या यादीसारखाच मांडता येतो. शिडांवर आणि सुकाणूवर दिवसरात्र पाळ्या करणाऱ्या माणसाला अडीच हजार ते तीन हजार कॅलरी लागतात. माणशी रोज तांदूळ, कणीक, पोहे, रवा मिळून ३५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ९० ग्रॅम, तेल-तूप ४५ ग्रॅम, साखर-गूळ ६० ग्रॅम, शेंगदाणे किंवा सुकामेवा ५० ग्रॅम आणि कांदे-बटाटे २५० ग्रॅम धरले, तर ही गरज बऱ्यापैकी भागते. चौघांसाठी पंचवीस दिवसांचे धान्य ३५ किलो, डाळी-कडधान्ये ९ किलो, तेल-तूप साडेचार किलो, साखर-गूळ ६ किलो, दाणे ५ किलो आणि कांदे-बटाटे २५ किलो होतात. चहासाठी दुधाची भुकटी चार किलो तरी घ्यावी. रात्रीच्या पाळीत चहा कमी पडला तर माणसांचा धीर लवकर सुटतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. राखीव निम्मा साठा मात्र फक्त कोरड्या धान्याचा, डब्याबंद पदार्थांचा आणि न शिजवता खाता येईल अशा वस्तूंचा असावा. भाजीपाला राखीव साठ्यात धरू नये.

न शिजवता खाण्याच्या पदार्थांवर मी थोडा अधिक भर देतो, कारण नवखी मंडळी शिधा भरताना चांगल्या हवेतला दिवस डोळ्यांसमोर ठेवतात. पहिले तीन दिवस बहुतेकांना समुद्र लागतो. चूल पेटवणे तर दूरच, खाली स्वयंपाकघरात पाच मिनिटे उभे राहणेही नकोसे होते. त्या दिवसांसाठी दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, गूळपोळ्या, खाकरे, चुरमुरे, राजगिऱ्याच्या वड्या आणि आल्याचे पाचक घरूनच तयार न्यावे. पुढे वादळी हवेतही हीच वेळ पुन्हा येते, तेव्हा दशम्या संपलेल्या असतात. मग गरम पाण्यात कालवलेले सातूचे पीठ, ताकाच्या भुकटीत भिजवलेले पोहे आणि गूळ-दाणे यांच्यावर दोन दिवस निभावतात. मेतकूट आणि भाजणी ही पिठे आधीच भाजलेली असल्याने दमट हवेतही टिकतात. कच्च्या रव्याला मात्र अळ्या पडतात, म्हणून तो घरून भाजूनच न्यावा. ज्याला उलट्या होत आहेत त्याला एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजत राहावे. चमचा चहाचा असावा.

ताज्या वस्तूंमध्ये कोबी, लाल भोपळा, कांदे, बटाटे, लिंबे आणि नारळ हे खरे प्रवासी. कोबी चिरून अर्धा ठेवण्याऐवजी बाहेरची पाने एकेक सोलून वापरली तर तीन-चार आठवडे टिकतो. भोपळा न कापता महिनोन्‌महिने राहतो, पण एकदा कापला की दोन दिवसांत संपवावा लागतो, म्हणून लहान भोपळे निवडावेत. बटाट्यांतून ओलावा सुटतो आणि त्याने कांदे कुजतात, त्यामुळे दोन्ही वेगळे, जाळीच्या पिशव्यांत व हवा लागेल असे ठेवावेत. बटाट्यांवर ऊन येऊ देऊ नये. लिंबे कागदात एकेक गुंडाळावीत. नारळाची शेंडी काढू नये, कारण तिच्याखालचे डोळे उघडे पडले की आतल्या खोबऱ्याला लवकर बुरशी धरते. अंडी कधीच फ्रीजमध्ये न ठेवलेली आणि न धुतलेली मिळवावीत, त्यांना तेलाचा हात लावावा आणि दोन-तीन दिवसांनी उलटी करीत जावे. पाण्यात टाकल्यावर जे अंडे तरंगते ते फोडू नये. फ्रीज तुमच्याकडे आहे हे चांगलेच, पण तो बॅटरीवर चालतो. त्यात लोणी, चीज आणि पहिल्या आठवड्याची भाजी ठेवावी, आणि तो बंद पडल्यास एकही जेवण अडणार नाही अशी बाकीची आखणी असावी.

पुठ्ठ्याची खोकी नौकेवर चढवू नयेत; त्यांच्या घड्यांमध्ये झुरळांची अंडी असतात. सगळे सामान धक्क्यावरच उघडून घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत भरावे. याचा दुसरा लाभ असा की वेष्टनांचा कचरा किनाऱ्यावरच राहतो. प्लास्टिक समुद्रात टाकण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनी पूर्ण बंदी आहे, त्यामुळे जे प्लास्टिक सोबत न्याल ते परत आणावेच लागेल. डबाबंद पदार्थांची लेबले दमटपणाने सुटतात, म्हणून प्रत्येक डब्यावर न पुसणाऱ्या शाईने नाव लिहावे. जड वस्तू नौकेच्या मध्याजवळ व शक्य तितक्या खाली ठेवाव्यात आणि कोणत्या कप्प्यात काय आहे याची वही ठेवून काढलेली वस्तू लगेच खोडावी. जुन्या जहाजांवर हे काम भंडाऱ्याचे असे. तुमच्यापैकीही एकालाच भंडारी नेमावे. चौघांनी मिळून सांभाळलेला शिधा कोणाच्याच हिशोबात राहत नाही.

गॅस चौघांच्या स्वयंपाकाला रोज साधारण २०० ते २५० ग्रॅम लागतो. पंचवीस दिवसांचे सहा किलोच्या वर होतात, तेव्हा पाच किलोचे दोन सिलिंडर आणि राखीव म्हणून तिसरा घ्यावा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो नौकेच्या तळाशी साचतो आणि तिथे एक ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडर बाहेरच्या, तळाला समुद्राकडे वाट असलेल्या कप्प्यात असावेत आणि स्वयंपाक झाल्यावर शेगडीचे बटण बंद करून न थांबता सिलिंडरचा व्हॉल्व्हही प्रत्येक वेळी बंद करावा. प्रेशर कुकर अवश्य घ्यावा. गॅस आणि पाणी तर तो वाचवतोच, शिवाय त्याचे झाकण घट्ट बसत असल्याने लाट आदळली तरी उकळते पाणी अंगावर सांडत नाही. नौकेवरच्या बहुतेक मोठ्या दुखापती वादळात होतात असे लोकांना वाटते, पण मी जवळून पाहिलेली सर्वांत वाईट दुखापत शांत हवेत, चहाचे आधण सांडून झालेली आहे.

आपल्या शाकाहारी मित्रासाठी वेगळा शिधा लागणार नाही. डाळी, दाणे आणि सोयाबीनच्या वड्या किंचित वाढवल्या की झाले. पोर्ट लुईला पोहोचताना उरलेली फळे, भाजी, अंडी, बियाणे यांची यादी तयार ठेवून ती तपासणी अधिकाऱ्यांना स्वतःहून दाखवावी.

प्रश्न : नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा इतके महिने ताज्या अन्नाशिवाय त्यांची प्रकृती कशी टिकली असेल? पूर्वीच्या खलाशांना होणारा स्कर्व्ही हा रोग आता का होत नाही?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेली ‘तारिणी’ १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाली आणि २१ मे २०१८ रोजी परतली. मात्र हा प्रवास सलग नव्हता. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाउन अशा बंदरांत थांबून ताजा शिधा भरता येत होता. लिटलटन ते पोर्ट स्टॅन्ली या टप्प्याला सुमारे ४१ दिवस लागले. खरा अवघड हिशोब अभिलाष टॉमी यांचा म्हणावा लागेल, कारण ते ‘म्हादेई’ नौकेतून १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि वाटेत कुठेही न थांबता १५१ दिवसांनी परतले; त्यांचे संपूर्ण पाच महिन्यांचे अन्न पहिल्या दिवशीच नौकेवर चढलेले होते.

स्कर्व्ही ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो आणि शरीरातला साठा संपायला एक ते तीन महिने लागतात. जेम्स लिंड या जहाजावरील डॉक्टरांनी १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर बारा रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळे औषध दिले, तेव्हा संत्री व लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर बरी झाली. तरीही ब्रिटिश नौदलाने सर्व खलाशांना लिंबाचा रस देण्याचा निर्णय घेण्यास १७९५ साल उजाडले. मधल्या ४८ वर्षांत किती माणसे हकनाक गेली असतील, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. आता गोळ्या मिळतात, त्या सोबत असाव्यातच. पण मला अधिक भरवसा वाटतो तो मोडांचा. कोरड्या मुगात किंवा मटकीत हे जीवनसत्त्व जवळजवळ नसते. मोड येताना ते तयार होते. समुद्रावरच्या उबदार हवेत दीड दिवसात मोड येतात, भिजवलेले पाणी आमटीत जाते आणि महिन्याभरानंतरही ताटात काहीतरी ताजे येते. उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होत असल्यामुळे मोड कच्चे किंवा जेमतेम वाफवून खावेत, त्यांची रटरटून उसळ करू नये.

प्रश्न : वाटेत गळ टाकून मासे मिळतातच, मग कोरडा शिधा कमी केला तर चालेल का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : चालणार नाही. मागे गळ सोडून ठेवला तर कुपा किंवा सुरमई लागते, आणि लागली की त्या दिवशी नौकेवर सण असतो. पण खोल समुद्रात आठ-आठ दिवस काहीच लागत नाही, हाही अनुभव आहे. मिळालेल्या माशामुळे शिधा वाचला तर तो राखीव साठ्यात जमा करावा. कुप्याबाबत एक काळजी मात्र कटाक्षाने घ्यावी. हा मासा उन्हात दोन-तीन तास पडून राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होते, त्याने चेहरा लाल होतो, डोके दुखते, उलट्या होतात, आणि हे विष शिजवल्याने किंवा तळल्याने जात नाही. म्हणून मासा वर ओढल्याबरोबर त्याचे रक्त काढून, पोट साफ करून तो फ्रीजमध्ये ठेवावा, त्याच दिवशी खावा, आणि फ्रीज बंद असेल तर एका जेवणापुरता लहान मासा मिळाल्यावर गळ गुंडाळून ठेवावा.