बॉनेट नसलेली गाडी

प्रश्न: मुलीकडे लॉस एंजेलिसला आलोय. शुक्रवारी संध्याकाळी जावयाने बरबँकच्या बॉब्ज बिग बॉय या रेस्टॉरंटला नेलं, पार्किंगभर जुन्या गाड्या, पण काहींना बॉनेटच नाही! चांगली जुनी गाडी अशी का कापतात?

उत्तर: काका, ती हॉट रॉड. क्लासिकवाला गाडी होती तशीच जपतो, हॉट रॉडवाला तिला पळवायला हलकी करतो. १९३२ ला फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन दिलं, ६५ हॉर्सपॉवरचं, मग काय, पोरांनी बॉनेट, मडगार्ड काढली, छत कापून खाली घेतलं आणि कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर शर्यती लावल्या. मला तर ही मेहनत फार आवडते. पुढच्या शुक्रवारी मालकाशी बोलाच, फक्त गाडीला न विचारता हात लावू नका.