पोराचा ताप उतरेना, आता आणखी एक डॉक्टर कशाला?

प्रश्न : मुलगा ४ वर्षांचा, आज तापाचा सातवा दिवस. दोन अँटिबायोटिक देऊन झाली, ताप उतरतो की परत चढतो. आता आमचे डॉक्टर म्हणतात लहान मुलांच्या इन्फेक्शनच्या स्पेशालिस्टला दाखवा. ते काय, आणखी स्ट्राँग औषध देणार का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचल्या वाचल्या फोन करून 'आजच्या आज दाखवा' सांगितलंच होतं, इथे बाकीच्यांसाठी लिहितोय.

स्ट्राँग औषधाचं म्हणाल तर बऱ्याचदा आम्हा इन्फेक्शनच्या स्पेशालिस्टांचं काम उलटंच असतं, चालू असलेलं बंद करायचं. आईबाप बघतच राहतात, एवढ्या लांबून आलो आणि हा औषध काढतोय! पण व्हायरल तापावर अँटिबायोटिक काही करत नाही. आणि बॅक्टेरिया असले तरी औषध आधी सुरू झालं की ब्लड कल्चरच्या (रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीच्या) बाटलीत ते उगवतच नाहीत बऱ्याचदा, मग आम्ही अंधारात चाचपडत बसतो. म्हणून पोर स्थिर असेल तर कधीकधी औषध थांबवून परत कल्चर घेतो. पोर गंभीर असेल तर मात्र थांबायचं नाही, कल्चर घेऊन लगेच औषध.

पहिल्या भेटीत निम्मा वेळ चौकशीतच जातो. घरात कोणाला बरेच दिवस खोकला आहे का, जनावरं-पक्षी आहेत का, कच्चं दूध प्यायलाय का, कुठे फिरून आलात, लसींचं कार्ड कुठंय. लोकांना वाटतं उगाच खोदतोय, पण आजोबांच्या खोकल्यावरून नातवाचा टीबी सापडतो. लहान मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळतात, म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढून तपासावं लागतं. बघवत नाही, पण करावं लागतं.

आणि तुमचा तो सातवा दिवस. ताप ५ दिवस किंवा जास्त, डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले, जीभ लालभडक, अंगावर पुरळ, हातपाय सुजलेले असं दिसलं की आमच्या डोक्यात कावासाकी येतो. १९६७ साली जपानच्या डॉ. कावासाकींनी हा आजार मांडला. इन्फेक्शनसारखा दिसतो, पण अँटिबायोटिकने हलत नाही, इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीज) शिरेतून द्यावं लागतं, तेही शक्यतो पहिल्या १० दिवसांत, नाहीतर हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगायची भीती वाढते. सगळी लक्षणं एकदम दिसतीलच असंही नाही, पुरळ येऊन गेलेलं असतं आणि आईलाच तेवढं आठवतं. आणि सगळा हिशोब तापाच्या दिवसांवर, म्हणून ताप सोमवारी रात्री आला की मंगळवारी, यावर मी आयांशी वाद घालतो.

३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला तर मात्र दिवस मोजायचे नाहीत, तडक हॉस्पिटल.

येताना तापाची वही आणि दिलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या आणा, शेजारच्या काकूंनी दिलेलीसुद्धा. रागावणार नाही.