संगीतावरचं संशोधन म्हणजे राग-तालाचा अभ्यास ना? त्यात समाज आणि सांस्कृतिक हक्क कुठून आले?

मला हे जात्यावर कळलं, तर तिथूनच सांगते.

आजीपुढे (आईची आई) मोबाईल धरून म्हटलं, ओव्या म्हण. दोन-तीन आठवल्या, त्याही अर्ध्यामुर्ध्या. मग माळ्यावरचं जातं खाली काढलं, पसाभर ज्वारी आणली. खुंटा हातात आला आणि बाई तासभर थांबेना. माहेर, भाऊ, पंढरी, आणि मधेच सासूचा असा उद्धार की मामी गालात हसत आत निघून गेली. कागदावर ओवी दोन ओळींची. जात्यावर मात्र 'गं बाई' घालत, शब्द घोळवत ती फेऱ्यामागून फेरे पुरते. नुसते स्वर लिहून घेतले असते, तर हे दळणाचं गणित सुटलंच नसतं.

गावात गिरणी आली तसं हे गाणंही थांबलं. त्याआधी जे हाती लागलं त्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या संशोधकांचं. १९८०च्या दशकापासून त्यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. पुढे संगीत-संशोधक बर्नार बेल यांनी शंभरावर तासांचं ध्वनिमुद्रण केलं. त्यात दलित बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. इतिहासाच्या पुस्तकात ज्यांचा आवाज नाही, त्या बायांची ही साक्ष आहे. 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर ओव्या ऐकता येतात, गाणारणीच्या नाव-गावासकट.

नाव-गावापाशीच हक्काचा प्रश्न येतो. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं २७वं कलम दोन गोष्टी सांगतं: सांस्कृतिक जीवनात भाग घ्यायचा हक्क सगळ्यांना, आणि आपल्या निर्मितीवरच्या हिताला संरक्षण. पण ओवीचा कर्ता कोण? आईकडून आली, लेकीनं एक शब्द बदलला, तिच्या जावेनं दुसरा. कॉपीराइटच्या कायद्याला ठरावीक धनी लागतो, इथे तो सापडत नाही. म्हणून 'कुणाचंच नाही' असं धरून चालायचं, हे मला पटत नाही. गाणारीला विचारणं आणि तिचं नाव लिहिणं तरी आपल्या हातात आहे.

मीही चुकलेच. आजीच्या काही ओव्या एका अंकाला दिल्या, नावाचा आग्रह धरला नाही. छापून आल्या 'पारंपरिक' म्हणून. आजीला वाचता येत नाही. पानावर बोट ठेवून तिनं विचारलं, "ह्यात मी कुटं हाय?"

आता प्रत्येक फाईलला तिचं नाव, गाव, तारीख असते. आणि कुठली ओवी बाहेर द्यायची ते तीच ठरवते. सासूच्या ओव्या देऊ नकोस म्हणालीये.