बिनदुधाचं बटरक्रीम अकोल्याच्या मे महिन्यात टिकेल का?

तुम्ही विचारलंय की मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, मे महिन्यात त्याचा पाचवा वाढदिवस आहे आणि अकोल्यात व्हीगन बटर मिळत नाही. मग खोबरेल तेल किंवा डालडा वापरून केकवरचं बटरक्रीम जमेल का, आणि ते उन्हाळ्यात टिकेल का?

जमेल, पण खोबरेल तेलाचा विचार सोडून द्या. हिवाळ्यात आपण खोबरेलाची बाटली उन्हात ठेवतो, कारण ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. त्याच्या वर गेलं की पातळ होतं. डिसेंबरात महाबळेश्वरला चालेल, पण अकोल्यात मे महिन्यात घरात पंख्याखालीसुद्धा पारा त्याच्या कितीतरी वर असतो. माझ्या भाचीच्या पहिल्या केकला मी खोबरेलाचंच क्रीम लावलं होतं. फ्रिजमधून काढलं तेव्हा सुरेख दिसत होतं. मेणबत्त्या लावेपर्यंत बाजूची नक्षी ताटात उतरली होती.

डालडा त्या मानाने टिकतो, पण तुपासारखा दिसावा म्हणून तो मुद्दाम रवाळ केलेला असतो आणि बटरक्रीमला तोच रवा नडतो. कितीही फेटला तरी जिभेवर कणी राहते. शिवाय तुपातली भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पती तुपात तिळाचं तेल मिसळण्याची जुनी पद्धत आहे. मुलाला तिळाचाही त्रास असेल तर हे लक्षात ठेवा.

तुम्हाला हवंय ते केकच्या सामानाच्या दुकानात मिळतं. केक मार्गारीन आणि बेकरी शॉर्टनिंग. मार्गारीनमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि बाकी बहुतेक पाणी असतं, म्हणजे लोण्याच्या जवळ जाणारं. शॉर्टनिंग म्हणजे नुसता पांढरा स्निग्ध पदार्थ. त्याला चव नाही, वास नाही, पण उन्हात तग धरतो. दोन्ही मिसळून वापरलं की मार्गारीनचा मऊपणा मिळतो आणि शॉर्टनिंगचा ताठपणा. पफ मार्गारीन मात्र घेऊ नका. खारीसाठी ते चांगलं, पण क्रीममध्ये घातलं की टाळूला मेणासारखं चिकटतं. ट्रान्स फॅटची काळजी वाटत असेल तर २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के झाली आहे. तरी पाकिटावरचा आकडा बघूनच घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाकिटाची पुढची बाजू वाचून काहीही विकत घेऊ नका. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि आपल्याकडे दूध शाकाहारीच धरतात. मार्गारीन वनस्पती तेलाचं असलं तरी चवीसाठी त्यात दुधाची पावडर घातलेली असू शकते. सगळ्यात फसवा शब्द ‘नॉन-डेअरी’. केकवाले वापरतात त्या नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीमपैकी कितीतरी क्रीममध्ये सोडियम केसिनेट असतं, आणि ते दुधातलंच प्रथिन आहे. एका दुकानदाराने मला छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘ताई, यात दूध नाही.’ मी मागची बारीक अक्षरं न वाचता विश्वास ठेवला. भाचीच्या तोंडाभोवती पाच मिनिटांत लाल चट्टे उठले. तिला घेऊन दवाखान्यात बसलो होतो ती संध्याकाळ मी अजून विसरलेली नाही.

म्हणून मागच्या बाजूला हे शब्द शोधा: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन, केसिनेट, लॅक्टोज, बटर ऑइल. यादीच्या खाली अ‍ॅलर्जीची ओळ असते, तिथे ‘कंटेन्स मिल्क’ दिसलं की पाकीट परत ठेवायचं. सरकारमान्य व्हीगन चिन्ह, म्हणजे हिरवा इंग्रजी व्ही आणि त्यावर छोटं पान, असलं तरी ही ओळ वाचा. त्याच कारखान्यात दुधाचे पदार्थ होत असतील तर ‘दुधाचा अंश असू शकतो’ असं व्हीगन मालावरही छापलेलं आढळतं. व्हीगन खाणाऱ्याला ते चालून जातं, अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला नाही. आणि कोणी म्हणालं की तुपात दूध कुठे असतं, किंवा शेळीचं दूध चालतं, तर ऐकू नका. दूध न पचणं वेगळं आणि दुधाची अ‍ॅलर्जी वेगळी. काय चालेल ते मुलाच्या डॉक्टरांनीच सांगायचं.

सहा इंची दोन थरांच्या केकसाठी मी उन्हाळ्यात असं प्रमाण घेते: १०० ग्रॅम मार्गारीन, १०० ग्रॅम शॉर्टनिंग, ३५० ग्रॅम आयसिंग शुगर, एक ते दीड छोटा चमचा व्हॅनिला, एक मोठा चमचा सोया दूध, अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. लिंबू आणि मीठ विसरू नका. लोण्याची चव दुधातून येते, ती इथे नाही. लिंबू-मीठ नसलं की नुसती गोड चरबी खाल्ल्यासारखं लागतं. मार्गारीन खारट असेल तर वेगळं मीठ नको. सोया चालत नसेल तर घट्ट नारळाचं दूध घ्या.

आयसिंग शुगर घरी केलीत तर ३०० ग्रॅम साखरेला दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घालून कोरड्या भांड्यात वाटा आणि मग वस्त्रगाळ करा. पिठाच्या चाळणीने भागत नाही. दोन बोटांत चोळल्यावर टाल्कम पावडरसारखी लागली पाहिजे. या क्रीममध्ये पाणी इतकं कमी असतं की साखर त्यात विरघळत नाही. वाटताना राहिलेला कण शेवटपर्यंत दाताखाली येतो.

मार्गारीन आणि शॉर्टनिंग बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, पण बोट आत घुसू नये, इतपत मऊ असावं. अकोल्यात फ्रिजबाहेर ठेवल्यावर दहा मिनिटंही पुरतील. आधी साखर न घालता हॅण्ड बीटरने पाच मिनिटं फेटा. रंग पिवळसरचा पांढुरका होतो आणि भांड्याच्या कडेने फुगून वर येतं. मग साखर तीन वेळा विभागून, दर वेळी बीटर मंद ठेवून घाला, नाहीतर सगळा ओटा पांढरा होतो. शेवटी व्हॅनिला, लिंबू आणि दूध. दूध गार नको, घरातल्या हवेइतकंच असावं. गार दूध पडलं की क्रीम फाटल्यासारखं दिसतं. तसं झालंच तर भांडं कोमट पाण्यात मिनिटभर धरून पुन्हा फेटा, सावरतं. बीटर उचलल्यावर शेंडी उभी राहून टोक जरासंच झुकलं की थांबा. नंतर चपट्या उलथण्याने दोन मिनिटं सावकाश ढवळलंत तर आतले बुडबुडे निघतात आणि केकवर गुळगुळीत बसतं.

बीटर, भांडी, केकचा साचा सगळं आधी गरम पाण्याने धुऊन घ्या. लाकडी चमचा वापरू नका, त्याच्या चिरांत लोणी-तूप राहतं.

चॉकलेट चालत असेल तर उन्हाळ्यात मी तेच करा म्हणेन. ४० ग्रॅम साखर कमी करून तेवढी कोको पावडर घाला. कोको ओलावा शोषतो, त्यामुळे क्रीम ताठ राहतं आणि मार्गारीनचा वासही झाकतो. पावडर साधी घ्या, दूध-साखर मिसळलेली ड्रिंकिंग चॉकलेटची नको. रंगासाठी बीटरूटची पावडर किंवा चिमूटभर हळद पुरते. बीटाचा रस घातलात तर क्रीम पातळ होईल. वरचे चकचकीत रंगीत दाणे आणायचे असतील तर त्यांच्याही पाकिटाची मागची बाजू वाचा.

फार गोड आवडत नसेल तर आणखी एक प्रकार आहे. ३० ग्रॅम मैदा आणि २०० मिली सोया दूध गुठळ्या न होऊ देता लापशीसारखं शिजवायचं, त्यात १५० ग्रॅम साखर विरघळवायची, पूर्ण गार करायचं आणि फेटलेल्या २०० ग्रॅम मार्गारीनमध्ये चमचा चमचा घालायचं. चवीला हे मला जास्त आवडतं, अगदी ढगासारखं हलकं होतं. पण ते नाजूक असतं आणि फ्रिजबाहेर तग धरत नाही, म्हणून मे महिन्यात नको. डिसेंबरातल्या कुणाच्या वाढदिवसाला जरूर करा.

आणि केक कूलरसमोर ठेवू नका. कूलरची हवा ओली असते, साखर ती ओढून घेते आणि वरचा थर चिकट होतो. केक फ्रिजमध्येच राहू दे. सगळे जमले, मेणबत्त्या लावल्या, मगच बाहेर काढा. वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी ५० ग्रॅमचा चिमुकला घाणा करून बघा. बशीत एक फूल काढा, फ्रिजमध्ये तासभर ठेवा, मग जिथे केक कापणार त्याच खोलीत दुपारी ठेवून पाकळीची कडा किती मिनिटं टिकते ते घड्याळ लावून मोजा. वीस मिनिटांच्या आत ओघळली तर मार्गारीन ५० आणि शॉर्टनिंग १५० ग्रॅम करा.