क्रिप्टिक शब्दकोड्याचे उत्तर पाहूनही ते कसे आले ते कळत नाही. सुरुवात कुठून करावी?

पहिले काही आठवडे कोडे सोडवूच नका. कालचे कोडे आणि आज छापून आलेले त्याचे उत्तर शेजारी ठेवा, आणि एकेक उत्तर क्ल्यूमधून कसे निघाले तेवढेच शोधत बसा. कंटाळवाणे वाटेल, पण शिकायला याहून जवळचा रस्ता मला माहीत नाही.

क्ल्यूच्या एका टोकाला, म्हणजे सुरुवातीला किंवा शेवटी, उत्तराचा सरळ अर्थ असतो. उरलेल्या भागात त्याच उत्तराची अक्षरे जुळवायची कृती. मराठीत करून दाखवतो. 'नदी उलटली, गरीब (2)'. कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरे. अर्थ 'गरीब', आणि 'नदी' उलटी वाचली की 'दीन'. किंवा 'शिका नवे, आत दडला अवयव (2)'. 'शिका नवे' या अक्षरांतच 'कान' आहे. वाक्य वाचून डोळ्यांसमोर पूर किंवा शाळा आली की सेटर, म्हणजे कोडे रचणारा, जिंकला. दोन्ही टोकांना अर्थच असलेले किंवा अख्खा क्ल्यूच अर्थ असलेले प्रकारही असतात, ते हळूहळू ओळखू येतात.

इंग्रजीत कृती ओळखायला खुणेचे शब्द पाठ होतात. 'ड्रंक', 'ब्रोकन', 'वाइल्ड' दिसले की अक्षरे विस्कटायची. 'फ्लॉवर' म्हणजे फूल नव्हे, 'फ्लो' करणारी, वाहणारी ती, म्हणजे नदी! एखाद्या शब्दाऐवजी एक-दोन अक्षरे घ्यायची असतात, तिथे आपल्याला क्रिकेट कामाला येते: 'डक' म्हणजे ओ हे अक्षर, 'मेडन' म्हणजे एम, 'ऑन' म्हणजे चक्क लेग. अमेरिकन माणसाला हे समजावताना घाम फुटेल.

कोडे कुठले घ्यावे? 'द हिंदू'चे. सेटरचे टोपणनाव वर छापलेले असते, आणि हाच मोठा फायदा आहे. आवडेल तो एकच सेटर धरा. त्याच्या खोड्या कळल्या की त्याचे पुढचे कोडे निम्मे सोपे होते. रविवारी तिथे लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्राचे 'एव्हरीमन' नावाचे कोडे वर्षानुवर्षे येत आले आहे. ते नवख्यांसाठी बरेच दयाळू. अक्षरे जुळवून देणारी अ‍ॅप मात्र लांब ठेवा, कारण त्यांनी चौकोन भरतात, डोके नाही.

आणि एकट्याने करू नका. खरी गंमत उत्तर मिळाल्यावर भांडण्यात असते. समजा मी असा क्ल्यू दिला: 'लता उलट गायली, तोच ठेका (2)'. उत्तर 'ताल'. पण आमच्या ग्रुपवर लगेच कोणीतरी विचारणार, 'तोच' कशाला? तो ना अर्थात बसतो, ना कृतीत. हे भांडण जुने आहे. 1939 पासून 'ऑब्झर्व्हर'ची कोडी रचणारे डेरिक मॅकनट, टोपणनाव झिमेनीझ, यांनी 1966 च्या पुस्तकात शिस्त घालून दिली, तिचे सार असे: नेमका अर्थ, प्रामाणिक कृती, आणि याखेरीज एक शब्दही नाही. उलट 'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्राचे सेटर अरॉकेरिया, म्हणजे पाद्री जॉन ग्रॅहम, नियम सैल सोडायचे आणि तरी लोक त्यांच्यावर जीव टाकायचे. मी झिमेनीझच्या बाजूचा. वाक्य छान वाचले जावे म्हणून फुकटचा शब्द घालणे ही मला लबाडी वाटते, 'लता'चा क्ल्यू माझाच असला तरी.

असा वाद दोन-चार वेळा घातला की प्रत्येक शब्दाला 'तू इथे का?' असे विचारायची सवय लागते, आणि तुमची अडचण नेमकी तिथेच आहे. दोन-तीन जण पुरतात. कोड्याचा फोटो सकाळी ग्रुपवर टाकायचा, संध्याकाळपर्यंत कोणी उत्तर फोडायचे नाही, आणि उत्तर सांगेल त्याने ते कसे आले हेही लिहायचे. नुसते उत्तर टाकणाऱ्याला आमच्याकडे चहा पाजावा लागतो.