बर्फावर एवढी गर्दी कशाला?

प्रश्न : नातीला ड्रॉइंग क्लासमधून हॉलंडच्या जुन्या चित्राचं प्रिंट मिळालंय, खाली हेन्ड्रिक आव्हरकाम्प असं नाव आणि १६०८ च्या सुमाराचं म्हणून लिहिलंय. गोठलेल्या पाण्यावर नुसती जत्रा! एवढ्या थंडीत लोक घरात का नाही बसत? चित्रकार तिथेच बसून काढायचा का? आणि सगळं उंचावरून बघितल्यासारखं का दिसतं?
— एक आजी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आजी, जत्रा हा शब्द अगदी बरोबर वापरलात. तेव्हा युरोपात थंडी खरंच जास्त पडायची, त्या काळाला छोटं हिमयुग म्हणतात, आणि हॉलंड म्हणजे सपाट मुलूख, जिकडेतिकडे कालवे, एरवी सगळी ये-जा होडीने, ते गोठले की होड्या अडकल्या आणि पाण्याचाच रस्ता झाला, मग घरात कोण बसणार? श्रीमंत बायका, ओझी वाहणारे, पोरं, काठीने चेंडू मारत कोल्फ खेळणारे, सगळे एकाच बर्फावर. आपल्याकडे उत्तरायणला पतंगांसाठी कसं अख्खं गाव गच्चीवर असतं, तसंच.

आणि उंचीचं उत्तरही गच्चीतच आहे बघा. खाली रस्त्यावर उभं राहिलं की पुढच्या चार माणसांमागे बाकीचे झाकले जातात, गच्चीवरून सगळे सुटेसुटे दिसतात, म्हणून त्याने क्षितिज खूप वर नेलंय. पुढची माणसं लाल-काळ्या कपड्यांत ठसठशीत, मागे जाल तशी फिकी, आणि शेवटी तर बर्फ कुठे संपतो नि आभाळ कुठे सुरू होतं तेच कळत नाही, मला या चित्रात सगळ्यात जास्त हेच आवडतं. उंचावरून बघायची ही रीत त्याच्या आधीची, ब्रॉयगेलच्या १५६५ च्या बर्फातल्या शिकाऱ्यांच्या चित्रातही ती आहे. पुढे व्हान गोयेन, राउसडाल वगैरे हॉलंडच्याच चित्रकारांनी क्षितिज खाली आणलं आणि आभाळ मोठं झालं.

तिथे बसून नाही काढायचे, बाहेर फक्त स्केच, रंगकाम घरी. हे चित्र लाकडी फळीवर आहे, साधारण ७७ बाय १३२ सेंटीमीटर. आव्हरकाम्प बोलू शकत नव्हता, लोक त्याला त्याच्या गावावरून काम्पेनचा मुका म्हणायचे.

आता नातीला डावीकडचा खालचा कोपरा दाखवा. तिथे एक जुनं दार काठीवर तिरकं टेकवलंय, ते पाखरं पकडायचं फासकं आहे, काठी ओढली की दार वरून पडणार. जवळच एक कुत्रा मेलेल्या जनावराचं मांस खातोय. पलीकडे लोक मजेत घसरतायत आणि इथे हे, म्हणजे हिवाळा पोटावर यायचा हेही त्याने लपवलेलं नाही. प्रिंटमध्ये बारीक दिसत असेल तर मूळ चित्र आम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे, त्यांच्या साइटवर फुकट मोठं करून बघता येतं. आणि एका रविवारी नातीला कमाटीबागेतल्या म्यूझियममध्ये न्या, तिथे सयाजीराव महाराजांनी जमवलेली युरोपियन चित्रं आहेत, प्रत्येक निसर्गचित्रासमोर तिला एवढंच विचारा, की हा चित्रकार गच्चीवर उभा होता का रस्त्यावर?